जुना कॉम्प्युटर भंगारात काढताय? थांबा, आधी बघा कोणतं लिनक्स तुमच्या कामाचं!

विंडोज १० बंद झाल्यानंतर गावोगावी एकच प्रश्न. नवीन लॅपटॉप घ्यायचा की फुकटातलं लिनक्स टाकायचं? कुणी टाकावं, कुणी टाकू नये आणि टाकायचं तर कोणतं, वाचा सविस्तर

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्याआधी गावात विकत घेतलेले कितीतरी लॅपटॉप आणि डेस्कटॉप अजून याच विंडोजवर चालतात. शाळेतला संगणक कक्ष, पतसंस्थेचा काउंटर, झेरॉक्सचं दुकान, कॉलेजला जाणाऱ्या मुलाने सेकंड हँड घेतलेला लॅपटॉप, अशी मोठी यादी होईल. त्या तारखेला कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत, आजही सुरू होतात. फक्त नवीन सापडलेल्या त्रुटी आता दुरुस्त होत नाहीत. कुंपण तेच आहे, पण भगदाड पडलं तर बुजवायला कुणी येणार नाही, असा हा प्रकार. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारा यांचे स्कॅन पडलेले असतात, तिथे ही गोष्ट साधी नाही.

विंडोज ११ वर जावं म्हटलं तर बऱ्याच जुन्या मशीन त्यात बसत नाहीत. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप इथेच अडकतात. मग दुकानदार सांगतो, नवीन घ्या. दुसरा एखादा सांगतो, शंभर-दोनशेत विंडोज मारून देतो. तिसरा सांगतो, लिनक्स टाका, फुकट आहे.

तिसऱ्याचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. लिनक्स नावाचं एकच काही नसून त्याचे शेकडो प्रकार आहेत. चुकीचा प्रकार टाकला की आठ दिवसांत माणूस वैतागतो आणि पुन्हा कॉम्प्युटरवाल्याकडे फॉरमॅट मारायला जातो. तेव्हा निवड नीट व्हायला हवी.

लिनक्स म्हणजे नेमकं काय?

फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो कुणीही घेऊ शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. तुम्ही ही बातमी अँड्रॉइड मोबाईलवर वाचत असाल, तर त्या मोबाईलच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे लिनक्स आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही.

पण नुसत्या कर्नलवर काम होत नाही. त्याच्यावर स्क्रीन, मेनू, ब्राउझर, टायपिंग, प्रिंटर असं सगळं बसवावं लागतं. वेगवेगळ्या संस्था आणि गट हे सगळं बसवून तयार पॅकेज देतात. त्यालाच डिस्ट्रिब्युशन, बोलीभाषेत डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट, फेडोरा, झोरिन ही त्यातली काही नावं.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. सोयाबीन एकच पीक, पण जेएस ३३५ वेगळं आणि फुले संगम वेगळं. जमीन हलकी की भारी, पाणी आहे की नाही, हे बघून आपण वाण धरतो. शेजाऱ्याला चांगलं पिकलं म्हणून तेच आपल्याला येईल असं नसतं. डिस्ट्रोचंही तसंच आहे. मशीन कसं आहे आणि त्यावर काम काय आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

आधी मशीन बघा

विंडोज चालू असेल तर सेटिंगमध्ये जाऊन सिस्टीम आणि मग अबाउट उघडा. तिथे दिसणाऱ्या गोष्टी वहीत लिहून घ्या.

रॅम किती जीबी आहे, हे पहिलं. ८ जीबी असेल तर काळजीच नाही, कोणतंही लिनक्स चालेल. ४ जीबी असेल तर हलकं निवडायचं. २ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अगदी हलकंच चालेल, आणि अपेक्षाही हलक्या ठेवायच्या.

दुसरं म्हणजे ६४ बिट की ३२ बिट. सिस्टीम टाइप या ओळीत हे दिसतं. इथे बरेच जण फसतात. 'ऑपरेटिंग सिस्टीम ३२ बिट, प्रोसेसर एक्स ६४' असं लिहिलेलं असेल, तर मशीन ६४ बिटचंच आहे. फक्त कुणीतरी त्यावर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं आहे. अशा मशीनवर ६४ बिटचं लिनक्स खुशाल टाकता येतं. कोअर टू ड्युओपासून पुढची बहुतेक मशीन ६४ बिटचीच आहेत.

तिसरी गोष्ट हार्ड डिस्क. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर कोणतंही लिनक्स टाकलं तरी सुरू व्हायला वेळ लागणार. चार पैसे खर्च करायचेच असतील तर एसएसडी बसवून घ्या. जुन्या लॅपटॉपला याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

मग काम बघा, आणि इथे घाई नको

महिनाभर कॉम्प्युटरवर जे जे करता ते सगळं वहीत लिहा. कोणतं सॉफ्टवेअर, कोणता प्रिंटर, कोणतं मशीन जोडलेलं आहे. या यादीत खालची कामं असतील तर लिनक्सच्या नादाला न लागलेलंच बरं.

आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवणाऱ्यांनी विशेष सांभाळावं. आधार पडताळणीचं थंब मशीन चालायला त्या कंपनीची आरडी सर्व्हिस लागते, आणि ती मुख्यतः विंडोज व अँड्रॉइडसाठी बनवलेली असते. डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हचंही तसंच. काही टोकनला लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात, पण पोर्टलवर सही लागेलच असं नाही. समोर दहा माणसं रांगेत आणि अंगठा लागेना, अशी वेळ येऊ देऊ नका. कामाचा मुख्य कॉम्प्युटर विंडोजवरच ठेवा.

टॅली वापरणारे दुकानदार, कृषी सेवा केंद्रवाले आणि पतसंस्था यांनाही हेच लागू. टॅली विंडोजसाठी आहे. दूध संकलन केंद्रावर वजनकाटा आणि फॅट मशीन ज्या सॉफ्टवेअरला जोडलेलं असतं, तेही बहुतेक ठिकाणी विंडोजचंच असतं. ते बनवणाऱ्याला फोन करून 'लिनक्सवर चालतं का' असं स्पष्ट विचारल्याशिवाय हात लावू नका.

फ्लेक्स बोर्ड आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांचं काम कोरल ड्रॉ, फोटोशॉप, पेजमेकरवर असतं. लिनक्सवर त्यांच्याऐवजी इंकस्केप आणि गिंप मिळतात आणि ते चांगलेही आहेत. पण गेल्या दहा वर्षांच्या कोरलच्या फायली त्यात जशाच्या तशा उघडतील ही आशा धरू नका.

टायपिंगची सरकारी परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी क्लासमध्ये जे सॉफ्टवेअर आहे त्यावरच सराव करावा. एमएस-सीआयटीचा अभ्यासही विंडोज आणि एमएस ऑफिसवर आहे. परीक्षा होईपर्यंत घरचं मशीन बदलू नका.

लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारं वाईन नावाचं साधन आहे. काही सॉफ्टवेअर त्यात चालतात, काही चालत नाहीत. हौस म्हणून करून बघायला हरकत नाही, पण पोटापाण्याचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नये.

ज्यांना विंडोज १० वरच राहणं भाग आहे, त्यांच्यासाठी कंपनीने घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ठेवली. ती आपोआप मिळत नाही, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. तेवढ्या काळात नवीन मशीनची सोय बघता येते.

मग लिनक्स कुणासाठी?

ज्यांचं बहुतेक काम ब्राउझरमध्ये होतं त्यांच्यासाठी. सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज भरणं, पीएम किसानची स्थिती बघणं, वीजबिल, रेल्वे तिकीट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन क्लास, ईमेल, पीडीएफ वाचणं आणि छापणं. हे सगळं लिनक्सवरच्या फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये होतं. अर्ज टाइप करायला आणि हिशेबाचे तक्ते करायला लिब्रे ऑफिस असतं, तेही फुकट. वर्ड आणि एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. कधीकधी तक्त्याची किंवा ओळींची मांडणी थोडी सरकते. म्हणून दुसऱ्याला पाठवायची फाईल पीडीएफ करून पाठवावी.

आता कोणाला कोणतं, ते एकेक बघू.

पहिल्यांदाच लिनक्स, ४ जीबी किंवा जास्त रॅम: लिनक्स मिंट

विंडोजची सवय असलेल्या माणसाला सगळ्यात कमी त्रास यात होतो. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही सांगावं लागत नाही. मिंट उबुंटूवर आधारित आहे आणि त्याचे तीन प्रकार मिळतात: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्या, दिसायला छान. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घ्या, ते हलकं आहे. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे दरवर्षी नवीन टाकायची भानगड नाही.

यात टाइमशिफ्ट नावाची एक सोय आहे. सगळं नीट चालू असताना एकदा नोंद करून ठेवली, की पुढे सेटिंग बिघडलं तरी मागच्या चांगल्या स्थितीवर परत जाता येतं. घरात लहान मुलं कॉम्प्युटर हाताळत असतील तर ही सोय पहिल्याच दिवशी चालू करावी.

विंडोजसारखंच दिसायला हवं: झोरिन

झोरिनचं दिसणं तर अगदीच विंडोजच्या जवळचं. त्याची कोअर आवृत्ती फुकट आहे. प्रो आवृत्तीला पैसे पडतात, पण साध्या वापराला तिची गरज नाही. यालाही ४ जीबीच्या वर रॅम असलेली बरी.

इंजिनीअरिंग, बीसीए, प्रोग्रॅमिंग शिकणारे: उबुंटू किंवा फेडोरा

उबुंटू २००४ पासून आहे आणि जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डिस्ट्रोंमध्ये ते येतं. याचा खरा फायदा असा की काही अडलं तर इंटरनेटवर उत्तर सापडतं. सी, पायथन, जावा, डेटाबेस शिकायला लिनक्स विंडोजपेक्षा सोपं पडतं. कंपन्यांचे सर्व्हरही बहुतांश लिनक्सवरच चालतात, म्हणजे ही सवय पुढे नोकरीत कामी येते. उबुंटूच्या नावापुढे एलटीएस लिहिलेलं असेल तेच घ्या. त्याला ५ वर्षं अपडेट मिळतात. नुसत्या आवृत्तीला फक्त ९ महिने मिळतात.

फेडोरामध्ये नवीन गोष्टी लवकर येतात, पण प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच चालते. ज्याला दरवर्षी बदल करायची तयारी आहे आणि नेट बरं आहे, त्यानेच ते घ्यावं. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलांना ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स लागतात. ते लिनक्सवर चालत नाहीत, तेव्हा त्यांनी विंडोज काढू नये.

२ जीबी रॅमवालं मशीन: लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स

दहा-बारा वर्षं जुनं मशीन पण ६४ बिटचं असेल, तर हे दोन बरे. दोन्ही हलके आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. लिनक्स हलकं असलं तरी आजच्या वेबसाइट हलक्या नाहीत. २ जीबी रॅमवर दोन-तीन टॅबच्या वर उघडले की मशीन धापा टाकणारच. एकावेळी एकच काम करायचं ठरवलं तर ते निभावतं.

१ जीबी रॅम किंवा ३२ बिटचं मशीन: अँटिएक्स, नाहीतर सोडून द्या

अँटिएक्स फार कमी रॅमवर चालतं. अर्ज टाइप करणं, प्रिंट काढणं, गाणी लावणं एवढं होईल, यूट्यूबची अपेक्षा धरू नका. ३२ बिटच्या मशीनचे दिवस आता संपत आले आहेत. लिनक्सवरच्या ३२ बिट क्रोमला गुगलने २०१६ मध्येच रामराम केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटच्या पीसीवर नव्याने टाकायची सोय काढून टाकली. त्यामुळे अशा मशीनवर बँकेचं काम किंवा महत्त्वाचे अर्ज करू नयेत. लहान मुलाला टायपिंग शिकायला ठेवा.

शाळेचा संगणक कक्ष: डेबियन, बॉस किंवा एडुबुंटू

शाळेत एकाच वेळी दहा-वीस मशीन असतात. तिथे नवनवीन सोयींपेक्षा वर्षानुवर्षं न बिघडता चालणं महत्त्वाचं. डेबियन १९९३ पासून आहे, आणि उबुंटू, एमएक्स अशा अनेक डिस्ट्रोंचा पाया तोच आहे. टाकायला मिंटपेक्षा थोडं अवघड, पण एकदा बसलं की बसलं.

भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने डेबियनवरच आधारित बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, तयार केलं. ते २००७ मध्ये आलं. मराठीसह भारतीय भाषांची सोय हा त्याचा मुख्य उद्देश, आणि शाळांसाठी त्याचा एडुबॉस हा वेगळा प्रकारही केला गेला. घेण्याआधी त्याची अलीकडची आवृत्ती कोणत्या साली आली ते मात्र तपासा. उबुंटूवर आधारित एडुबुंटूमध्ये अभ्यासाची सॉफ्टवेअर आधीच भरलेली असतात.

शाळेत लिनक्स चालतं का, ही शंका असणाऱ्या शिक्षकांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये कितीतरी वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच मुलं शिकतात. काइट ही तिथली सरकारी संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती तयार करून शाळांना देते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही देते. यातलं प्रशिक्षण महत्त्वाचं. शिक्षकाला न शिकवता नुसतं लिनक्स टाकून दिलं, तर कक्षाला कुलूपच लागेल.

मराठीचं काय?

लिनक्सवर मराठी वाचायला अडचण नाही. युनिकोड मराठी सगळीकडे नीट दिसतं. टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडावं लागतं. इन्स्क्रिप्ट येत असेल तर उत्तमच. नसेल येत तर इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे टाइप करायची फोनेटिक पद्धतही मिळते.

खरी अडचण जुन्या फॉन्टची आहे. ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा यांच्या कितीतरी फायली श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, डीव्हीबी सुरेख अशा फॉन्टमध्ये आहेत. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की 'ग्रामसभा' ऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. ही अडचण लिनक्सचीच आहे असं नाही, मोबाईलवरही हेच होतं. अशा फायलींचा ढीग असेल तर त्या आधी पीडीएफ करून ठेवा किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच मशीन बदला.

प्रिंटर आधी तपासा

एचपीच्या बहुतेक प्रिंटरला लिनक्सवर चांगली साथ मिळते. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरचे ड्रायव्हरही मिळतात. मात्र झेरॉक्सच्या दुकानांत घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर नुसता जोडून चालत नाही. त्याला वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो आणि ते काम किचकट आहे. तुमच्याकडे तोच असेल तर आधी जाणकाराकडून प्रिंट काढून बघा, मग निर्णय घ्या.

न टाकता चालवून बघा

लिनक्सची ही सोय फार मोठी आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसते. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून बघता येतं. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं.

त्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यात जे असेल ते सगळं पुसलं जाणार आहे, हे ध्यानात ठेवा. मग त्या डिस्ट्रोच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, उदाहरणार्थ लिनक्समिंट डॉट कॉमवरून, आयएसओ फाईल उतरवा. मिंटची फाईल ३ जीबीच्या आसपास असते, उबुंटूची साधारण ६ जीबी. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर ती एका दिवसात उतरणार नाही. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा मित्राकडे वायफाय असेल तिथे उतरवा.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर रूफस किंवा बलेना एचर या साधनाने ती फाईल पेनड्राइव्हवर चढवता येते. नुसती कॉपी-पेस्ट केली तर चालत नाही. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलनेही होतं. एचड्रॉइड नावाचं मोफत ॲप आहे. ओटीजी केबलने पेनड्राइव्ह मोबाईलला जोडायचा आणि ॲपमधून फाईल चढवायची. काही मोबाईलमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं. काम अर्ध्यात तुटू नये म्हणून मोबाईल आधी चार्ज करून घ्या.

पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू करताना एक बटण दाबत राहायचं. डेल, लेनोव्हो, एसर यांना साधारण एफ १२, एचपीला एफ ९. मेनूत पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स सुरू होतं.

आता हे तपासा: वायफाय सापडतं का? आवाज येतो का? कॅमेरा चालतो का? प्रिंट निघते का? झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का? पेनड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालतं, त्याने घाबरू नका. वायफाय सापडलं नाही तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा नेट लगेच मिळतं आणि वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो. दोन-तीन दिवस असं वापरल्याशिवाय कायमचं टाकू नका.

टाकताना ही चूक महागात पडेल

लिनक्स टाकताना एका पानावर 'इरेज डिस्क' असा पर्याय येतो. तो निवडला की संपूर्ण डिस्क पुसली जाते. अनेकांना वाटतं फक्त सी ड्राइव्ह जाईल, डी ड्राइव्ह राहील. तसं होत नाही. एकाच डिस्कचे ते दोन भाग आहेत, दोन्ही जातात. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, दुकानाची उधारी, सगळं. म्हणून आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि तो तिथून उघडतोय का, तेही बघा.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकता येतं. चालू करताना कोणतं हवं ते निवडायचं. जागा पुरेशी असेल तर सुरुवातीला हाच मार्ग बरा. पण लॅपटॉपमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी काढून लिहून ठेवा. नाहीतर नंतर विंडोज ती मागत बसेल आणि ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येणार नाही.

लोडशेडिंगच्या वेळा बघून काम काढा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज हवी. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाईट नक्की राहील अशी वेळ धरा.

पैसे किती? आणि फसवणूक कशी ओळखायची?

मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा हे सगळं मोफत आहे. कुणी 'लिनक्सचं लायसन्स' म्हणून घरगुती वापराला पैसे मागत असेल तर ते देऊ नका. टाकून देण्याची मजुरी मात्र रास्त आहे, ती आधी ठरवून घ्या. 'पुढे काही अडलं तर याल का?' हेही तेव्हाच विचारून घ्या. गावात किंवा जवळपास ज्याला जे लिनक्स येतं, ते पहिल्यांदा घेणं शहाणपणाचं. मदत जवळ असेल तर दोन नंबरचं डिस्ट्रोही चांगलं चालतं.

शंभर-दोनशेत 'फुल व्हर्जन' विंडोज मारून देणाऱ्यांपासून लांब राहा. ते चालू करायला जो ॲक्टिव्हेटर वापरतात, त्यातून व्हायरस शिरण्याचा धोका असतो. त्याच मशीनवर मग आपण नेट बँकिंग उघडतो.

लिनक्स टाकलं म्हणजे फसवणूक संपली, असंही समजू नका. विंडोजचे व्हायरस लिनक्सवर सहसा चालत नाहीत, हे खरं. पण ओटीपी आपणच फोनवर सांगितला, किंवा अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवणारं ॲप उघडून दिलं, तर कोणतंही लिनक्स वाचवू शकत नाही.

शिकायचं कुठे?

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे छोटे धडे मराठीतून मोफत आहेत. एकेक धडा बघायचा आणि शेजारी आपल्या मशीनवर करत जायचं, अशी त्याची पद्धत. मोबाईलवर धडा आणि समोर कॉम्प्युटर, असं सहज जमतं.

थोडक्यात

– थंब मशीन, डिजिटल सही, टॅली, कोरल, दूध संकलन: विंडोजच ठेवा.
– घरगुती वापर, ८ जीबी रॅम: मिंट सिनॅमन किंवा झोरिन.
– घरगुती वापर, ४ जीबी रॅम: मिंट एक्सएफसीई.
– प्रोग्रॅमिंग शिकणारे: उबुंटू एलटीएस.
– २ जीबी रॅम, ६४ बिट: लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स.
– १ जीबी किंवा ३२ बिट: अँटिएक्स, तेही किरकोळ कामाला.
– शाळा: डेबियन, बॉस किंवा एडुबुंटू, पण शिक्षकाला आधी शिकवा.
– कुणीही असा: आधी डेटाची कॉपी, मग पेनड्राइव्हवर दोन-तीन दिवस, आणि मगच कायमचं.